डरहॅमचा बिशप आणि आपले निकष

(पक्षाच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अभ्यासवर्गाच्या संयोजकांनी मला विषय विचारला, तेव्हा ‘इंग्लंडमधील एका बिशपविषयी बोलेन’ असे मी कळविले. दूरध्वनीवर क्षणभर शांतता पसरली. जन्मभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाला सेवानिवृत्तीनंतर धर्माचे वेध लागले की काय, अशी शंका त्यांच्या मनात आली असावी. तसे काही झालेले नाही. मी निरीश्वरवादी होतो आणि आजही आहे. परंतु या बिशपच्या बाबतीत ऐन तारुण्यात माझ्याकडून एक चूक घडली. ती केवळ माझी नव्हती, आपल्या चळवळीच्या विचार करण्याच्या सवयीची होती असे मला वाटते, म्हणून ती येथे मांडावयाची आहे.

१९८४ साल. मुंबईचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला होता. तो कोणी मागे घेतलाही नव्हता आणि तो चालू आहे असे म्हणण्याची परिस्थितीही उरली नव्हती. मी एका महाविद्यालयात नुकताच अधिव्याख्याता झालो होतो. परळला एका शाळेच्या वर्गात, मुलांच्या बाकांवर अंग चोरून बसून, आमचा अभ्यासवर्ग दर आठवड्याला भरत असे. त्या शरद ऋतूत इंग्लंडमधून बातमी आली, की डरहॅम येथील नव्या बिशपने पदग्रहणाच्या प्रवचनातच खाण कामगारांची बाजू घेतली. आम्हांला किती आनंद झाला म्हणून सांगू! मी त्या बातमीवर अर्धा तास बोललो. चर्चसारखी स्थितिवादी संस्थासुद्धा भांडवलशाहीच्या अंतर्विरोधाने फुटू लागली आहे, असा सिद्धान्तही मी त्या भरात मांडून टाकला.

आमच्या वर्गात नगर जिल्ह्यातील एक ख्रिस्ती मित्र होता. पालिकेच्या शाळेत शिक्षक, वडील पाळक. पत्रके वाटण्यात, वर्गणी गोळा करण्यात तो आम्हां सर्वांच्या पुढे असे. माझे बोलणे संपल्यावर त्याने विचारले, “या बिशपचा पुनरुत्थानावर विश्वास नाही, असं मी ऐकलं. येशूची कबर रिकामी होती, असं तो मानतो का?” मी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, “अरे, रिकाम्या कबरीपेक्षा रिकामं पोट महत्त्वाचं!” वर्ग हसला, कोणीतरी बाक वाजविले. तोही हसला. मात्र त्यानंतर आपल्या श्रद्धेविषयी त्याने अभ्यासवर्गात कधीही अवाक्षर काढले नाही.

त्या बिशपचे नाव डेव्हिड जेंकिन्स. जन्म १९२५, मृत्यू २०१६. ऑक्सफर्डमध्ये अध्यापन, जिनिव्हात जागतिक चर्च परिषदेचे काम आणि अखेरीस लीड्स विद्यापीठात ईश्वरविद्येचे प्राध्यापकपद, असा त्यांचा प्रवास. १९८४ मध्ये त्यांची डरहॅमच्या गादीवर निवड झाली. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये ही गादी फार मानाची. तेथील बिशपला उमरावांच्या सभागृहात हक्काने जागा असते. मध्ययुगात तर तेथील बिशप जवळजवळ राजेच होते. स्वतःची न्यायालये चालवीत, स्वतःची नाणी पाडीत. आणि त्या मुलखाच्या पोटात कोळसा होता. १९१९ मध्ये खाण उद्योगाच्या चौकशीसाठी सँकी आयोग बसला, तेव्हा कोळशाच्या प्रत्येक टनावर स्वामित्वशुल्क घेणाऱ्या मोठ्या मालकांत चर्चची मालमत्ता सांभाळणारे मंडळही आहे, हे सर्वांसमोर आले. डरहॅममध्ये बिशप आणि कोळसा यांचा संबंध काही १९८४ मध्ये जुळला नाही.

जेंकिन्स यांच्यावर वादळ उठले ते मात्र कोळशावरून नव्हे. एप्रिल १९८४ मध्ये, पदावर येण्यापूर्वी, एका दूरदर्शन मुलाखतीत त्यांनी सांगितले, की येशूचा कुमारीच्या पोटी जन्म ही गोष्ट शब्दशः घडलेली घटना मानणे आपल्याला आवश्यक वाटत नाही. येशूविषयीची श्रद्धा व्यक्त करण्यासाठी ती कथा आकाराला आली असावी. पुनरुत्थान त्यांना खरे वाटत होते. शिष्यांना काहीतरी विलक्षण आणि निर्णायक अनुभव आला, याविषयी त्यांना संदेह नव्हता. पण मृत शरीर उठून चालू लागले, एवढाच त्याचा अर्थ ते करीत नव्हते. त्यांना बिशप करू नये, अशा विनंतीअर्जावर बारा हजारांहून अधिक सह्या जमल्या. तो यॉर्कच्या आर्चबिशपकडे गेला. आर्चबिशप बधले नाहीत. ६ जुलै रोजी यॉर्कच्या भव्य मिन्स्टरमध्ये दीक्षाविधी पार पडला. ९ जुलैच्या पहाटे त्याच इमारतीच्या दक्षिण भागाला आग लागली आणि छत कोसळले. वीज पडली असावी असा चौकशीचा निष्कर्ष होता. अनेकांनी हा देवाचा कोप ठरविला. कोप तीन दिवस उशिरा का झाला, हे मात्र कोणी सांगितले नाही.

आता कोळशाकडे वळू. मार्च १९८४ मध्ये, वीस खाणी बंद करण्याच्या आणि सुमारे वीस हजार नोकऱ्या घालविण्याच्या योजनेविरुद्ध, खाण कामगारांचा संप सुरू झाला. पुढे २०१४ मध्ये सरकारी कागदपत्रे खुली झाली. कोळसा मंडळाच्या अध्यक्षांच्या मनात तीन वर्षांत पंचाहत्तर खाणी बंद करावयाच्या होत्या, हे त्यांतून उघड झाले. सारा वाद ‘तोट्यातील खाण’ या एका शब्दाभोवती फिरत होता. तोटा ही वस्तुस्थिती आहे, तिच्यावर काय श्रद्धा ठेवावयाची, असे कोणालाही वाटेल. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तसे वाटता कामा नये. खाणीचा तोटा कोणाच्या वहीत लिहावयाचा, हा पहिला प्रश्न. मंडळाच्या वहीत पाहिले तर खाण बंद करणे फायद्याचे. पण खाण बंद झाली की कामगाराला बेकारभत्ता द्यावा लागतो, त्याचा प्राप्तिकर बुडतो, गावातील दुकानदाराचा धंदा बसतो, त्याचाही कर बुडतो. हे सारे सरकारच्याच दुसऱ्या वहीत चढते. ऑक्सफर्डचे अर्थतज्ज्ञ अँड्र्यू ग्लिन यांनी त्याच वर्षी हा हिशेब मांडून दाखविला, की दोन्ही वह्या एकत्र ठेवल्या तर खाणी बंद करणेच सार्वजनिक तिजोरीला महाग पडते. त्या हिशेबावर मतभेद होऊ शकतात. परंतु ‘तोटा’ हे निसर्गाने दिलेले सत्य नसून कोठली सीमारेषा आखून आपण बेरीज करतो यावर ते अवलंबून असते, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते. त्या काळी राज्यकर्त्या पक्षात असे म्हणणारा माणूस पाखंडी समजला जाई.

२१ सप्टेंबर १९८४ रोजी डरहॅमच्या कॅथीड्रलमध्ये जेंकिन्स गादीवर बसले. समोर त्या परगण्यातील खाणींच्या गावांतले लोक होते आणि संपाला सहा महिने उलटून गेले होते. कामगारांचा पराभव होता कामा नये, असे त्यांनी प्रवचनात सांगितले. दारिद्र्य आणि असहायता यांविषयी सरकार बेफिकीर दिसते, असेही ते म्हणाले. कोळसा मंडळाच्या अध्यक्षांचा त्यांनी परदेशातून आयात केलेला वयस्क अमेरिकन असा उल्लेख केला आणि त्यांनी बाजूला व्हावे असे सुचविले. हा शेरा अनुदार होता. ते गृहस्थ जन्माने स्कॉटिश होते, आणि वय हा काही दोष नव्हे. माझ्या आजच्या वयात तर मला हे विशेष जाणवते. मात्र त्याच प्रवचनात संघटनेचे नेते आर्थर स्कारगिल यांनीही आपल्या निर्वाणीच्या मागण्यांवरून खाली उतरावे, असे त्यांनी सांगितले होते. परळच्या अभ्यासवर्गात मी हे वाक्य गाळले. बातमीत ते होते. मी ते वाचले होते. तरीही गाळले.

दुसऱ्या बाजूनेही गाळण्याचे काम जोरात चालू होते. त्या ऑक्टोबरात नभोवाणीवरील एका कार्यक्रमात जेंकिन्स यांनी सांगितले, की पुनरुत्थान म्हणजे हाडांची जादूगिरी नव्हे, त्याहून फार मोठी गोष्ट आहे. वर्तमानपत्रांतून आणि लोकांच्या तोंडून हे वाक्य फिरले ते उलटे होऊन: बिशप पुनरुत्थानाला हाडांची जादूगिरी म्हणतात! हा ‘नव्हे’ पुढे कधीच नीट परत आला नाही. त्यांच्या मृत्यूपर्यंत ते वाक्य उलट्या रूपातच त्यांना चिकटून राहिले.

या साऱ्यावरून अनेक वर्षे मी एक सोपा निष्कर्ष विद्यार्थ्यांना सांगत आलो. बिशपच्या अश्रद्धेबद्दलचा कोलाहल हा वरवरचा, खरा राग कोळशाचा, असा तो निष्कर्ष. ऐकायला चांगला वाटतो. पण एकदा व्याख्यानाची टिपणे नव्याने लिहिताना मी तारखा एकाखाली एक मांडल्या आणि तो कोसळला. मुलाखत एप्रिलमधील, सह्यांचा अर्ज दीक्षाविधीपूर्वीचा, आग जुलैची आणि प्रवचन सप्टेंबरचे. ज्या बारा हजारांवर माणसांनी सह्या केल्या, त्यांना हा बिशप पुढे संपाविषयी काय बोलणार हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांना कबरीविषयीच विचारावयाचे होते. माझ्या मित्रालाही तेच विचारावयाचे होते.

आणखी एक उदाहरण माझ्या निष्कर्षाच्या आड येते. याच डरहॅमच्या गादीवर १९२० ते १९३९ या काळात हेन्स्ली हेन्सन नावाचे बिशप होते. त्यांची पूर्वी हेरफर्डला नेमणूक झाली तेव्हा, १९१७-१८ मध्ये, त्यांच्यावरही हाच आरोप होता, की कुमारीजन्म आणि पुनरुत्थान यांसारखे चमत्कार ते मानीत नाहीत. चर्चमधील मोठमोठ्या लोकांनी तेव्हा विरोध केला होता. म्हणजे शंका साधारण त्याच, गादी तीच, मुलूख तोच. आम्ही अर्थशास्त्रात म्हणतो तसे, इतर गोष्टी स्थिर. फरक एवढाच की हेन्सन संपाचे कट्टर विरोधक होते. १९२५ साली डरहॅममध्ये खाण कामगारांचा वार्षिक मेळावा भरला, तेव्हा संतप्त कामगारांनी त्यांना नदीत ढकलण्याचा प्रयत्न केला. म्हणजे त्यांना नव्हे! सर्वसाधारणपणे सांगितली जाणारी हकिकत अशी, की बिशप समजून त्यांनी कॅथीड्रलचे डीन वेल्डन यांना धरले, आणि त्या बिचाऱ्यांना नावेतून पळ काढावा लागला. हे वेल्डन पूर्वी आपल्या कलकत्त्याचे बिशप होते. कामगारांनी हेन्सनना त्यांच्या ईश्वरविद्येबद्दल एक शब्द विचारला नाही. जेंकिन्सबद्दल आम्ही परळला विचारला नाही, तसाच. एकाला नदीत ढकलावयाचे, दुसऱ्याला टाळ्या द्यावयाच्या. दोघांचा विश्वास काय होता हे मात्र आपल्या दृष्टीने गौण. त्याच गादीवरील त्याआधीचे बिशप वेस्टकट हे नव्या कराराच्या ग्रीक संहितेचे जगप्रसिद्ध अभ्यासक. १८९२ मध्ये त्यांनी मालक आणि कामगार यांना आपल्या निवासस्थानी बोलावून दीर्घकाळचा संप मिटविला. त्यांनाही कामगारांनी मान दिला तो संप मिटविल्याबद्दल, संहितेच्या अभ्यासाबद्दल नव्हे. हे स्वाभाविक आहे. परंतु स्वाभाविक आहे म्हणून आपण त्याला न्याय म्हणू नये.

मग जेंकिन्स यांचे परीक्षण कोणी नीट केले? मला उत्तर देताना संकोच वाटतो. ज्यांना आपण सनातनी म्हणून मोडीत काढतो त्या सह्या करणाऱ्यांनी. त्यांचे उत्तर मला पटत नाही. माणसाला प्रश्न पडले म्हणून त्याने उपदेश करू नये, हे मला मान्य नाही. परंतु उपदेशक जे बोलतो त्याच्याविषयीच ते त्याला जाब विचारीत होते. ज्याला देवाविषयी खात्री नाही त्याने कोळशाविषयी बोलू नये, असा सूर पुढे राजकारणातून निघाला. त्यांना देवाशी कर्तव्य नव्हते. आणि आम्ही, ज्यांनी टाळ्या वाजविल्या, त्यांनाही नव्हते.

जेंकिन्स यांची शंका आणि त्यांची कोळशाविषयीची भूमिका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे दोन्ही बाजूंनी गृहीत धरले. मीही धरले. १९८६ च्या जुलैमध्ये चर्चच्या महासभेत त्यांनी केलेल्या भाषणाचा वृत्तान्त पुष्कळ वर्षांनी माझ्या वाचनात आला, तेव्हा मला हे प्रथम उमगले. त्यांचा आक्षेप विज्ञानाचा नव्हताच. देवाला चमत्कार करता येणार नाहीत, असे ते म्हणत नव्हते. निवडक काही लोकांची खात्री पटावी म्हणून शरीराचे चमत्कार घडवून आणणारा आणि ऑशविट्झ व हिरोशिमा यांच्या वेळी मात्र हात न हलविणारा देव पूजनीय कसा, हा त्यांचा प्रश्न होता. म्हणजे शंका बुद्धीची कमी आणि नीतीची अधिक. आपल्या माणसांपुरता चमत्कार करणारा देव त्यांना नको होता, आणि आपल्या वहीपुरती बेरीज करणारे सरकारही. ही एकच विचारसरणी आहे. पुढे २००० साली त्यांनी बाजारव्यवस्थेवर एक पुस्तक लिहिले. बाजाराचे पुरस्कर्ते ज्या खात्रीने बोलतात ती शास्त्राची खात्री नसून श्रद्धेची आहे, आणि श्रद्धेला प्रश्न विचारावेच लागतात, हा त्यांचा आग्रह होता. मतांगिकाराला प्रश्न विचारण्याची सवय लागलेल्या माणसाला हे दिसले. अर्थशास्त्राच्या वर्गात बसलेल्या अनेकांना दिसले नाही.

शंकेला उद्धटपणा समजण्याची चर्चची खोड जुनी आहे. आपल्या पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये वाँटेज येथे याच चर्च ऑफ इंग्लंडमध्ये झाला. त्यानंतर चेल्टनहॅमला असताना त्यांनी त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी आणि धर्माधिकाऱ्यांच्या अधिकाराविषयी जे प्रश्न विचारले, त्यांनी त्यांच्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिन हैराण झाल्या. त्यांना त्यात अहंकार दिसला. हा सारा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहांनी संपादित करून प्रसिद्ध केला आहे. कार्यकर्त्यांनी तो अवश्य वाचावा. इकडे पुण्यात दहा वर्षांनी शारदा सदनावरून वादळ उठले तेव्हा रमाबाई किती पक्क्या ख्रिस्ती आहेत, यावरच सारा गदारोळ झाला. तिकडे त्या अपुऱ्या ख्रिस्ती होत्या आणि इकडे अतिरेकी. प्रश्न काय विचारले, हे दोन्हीकडे राहूनच गेले.

संपाचे पुढे काय झाले ते आपण जाणता. मार्च १९८५ मध्ये कामगार कोणताही समझोता न होता कामावर परतले. डरहॅमच्या खाणी एकामागून एक बंद झाल्या, आणि २०१५ च्या डिसेंबरात इंग्लंडमधील शेवटची खोल कोळसा खाण मिटली. जेंकिन्स १९९४ पर्यंत पदावर राहिले. १९८८ च्या ईस्टरला त्यांनी सामाजिक सुरक्षेच्या कायद्यातील बदलांना दुष्टपणाचे म्हटले. पुढच्याच महिन्यात पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी एडिंबरोला स्कॉटलंडच्या चर्चच्या महासभेपुढे स्वतःच एक प्रवचन दिले. त्यात काम न करणाऱ्याच्या जेवणाविषयी पौलाने लिहिलेल्या वचनाचा आधार होता. सभेच्या अध्यक्षांनी त्यांना दारिद्र्य आणि घरटंचाई यांवरील चर्चचे अहवाल नम्रपणे भेट दिले. बाईंना रिकाम्या कबरीविषयी कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

आता थोडे आपल्या घराविषयी. आपल्या पक्षात मतांगिकार नाही, असे आपण समजतो. तरी एखादा तरुण कार्यकर्ता सार्वजनिक क्षेत्राच्या कारभाराविषयी, संघटनेतील निवडणुकांविषयी किंवा संपाच्या डावपेचांविषयी शंका काढतो, तेव्हा आपण प्रथम काय पाहतो? तो कोणत्या गटाचा आहे ते. गिरणी संपाच्या दुसऱ्या वर्षी, संप असाच चालू ठेवावा का, हा प्रश्न कामगारांच्या घराघरांत विचारला जात होता. आमच्या वर्गात तो कोणी उच्चारला की त्याच्याकडे फुटीर म्हणून पाहिले जाई. मीही तसेच पाहिले आहे. सिस्टर जेराल्डिनबाईंना नावे ठेवताना मला हे आठवते आणि जरा दबकायला होते. श्रद्धावान माणसाने पक्षात यावे, झेंडा धरावा, वर्गणी द्यावी, पण येताना श्रद्धा चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवावी, अशी आपली अपेक्षा असते. आपल्या भाषेत आपण तिला सहिष्णुता म्हणतो.

शुभवर्तमानात थोमा नावाच्या शिष्याची कथा आहे. इतरांनी पाहिलेला पुनरुत्थित प्रभू आपण जखमांना हात लावून पाहिल्याशिवाय मानणार नाही, असे तो म्हणतो. ही कथा मला त्या शिक्षक मित्राने सांगितली, अगदी अलीकडे, एका लग्नाच्या पंगतीत. तो म्हणाला, “बाकीच्या शिष्यांनी त्याला हाकलून दिलं नाही, हे कोणी ध्यानात घेत नाही. आठ दिवस तो त्याच खोलीत त्यांच्याबरोबर होता.” मी विचारले, “आणि तू परळला काय करत होतास, इतकी वर्षं?” तो म्हणाला, “तोच तर. बसून होतो.” मग जिलेबी आली आणि विषय बदलला.

जेंकिन्स यांचे म्हणणे त्याला तेव्हा पटले होते की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. १९८४ मध्ये मी ते विचारले नाही, आणि पंगतीत विचारण्याचे धैर्य झाले नाही. तो आज येथे तिसऱ्या रांगेत बसला आहे. अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. पहिला प्रश्न त्याला विचारू द्यावा, अशी माझी त्यांना विनंती आहे. या वेळी मी विनोद करणार नाही.